पडदा निळा झाला तर

बचत गटाचा हिशेब आता बऱ्याच ठिकाणी वहीसोबत कॉम्प्युटरवरही असतो. सचिवताईंच्या घरी, टीव्हीशेजारी, वर विणलेलं आवरण. त्यात प्रत्येकीचं कर्ज, व्याज, हप्ते. आणि नेमकी बैठक तोंडावर आली की पडदा निळा होतो, वर एक रडवा चेहरा दिसतो, खाली इंग्रजीत काहीतरी लिहून येतं आणि मशीन आपोआप बंद होऊन परत सुरू होतं. नव्या विंडोजमध्ये हाच पडदा काळा केलाय. रंग बदलला, अर्थ तोच.

असं झालं म्हणजे कॉम्प्युटर मेला, असं नाही. आत काहीतरी इतकं बिघडलं की पुढे काम केलं तर नुकसान होईल, म्हणून तो स्वतःच थांबला. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा प्रोग्रामच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख मशीन अशीच निळी पडली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. म्हणजे मोठ्या कंपन्यांचंही होतं. आपण कुठलं चुकीचं बटण दाबलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

पहिलं काम, मोबाईलने त्या पडद्याचा फोटो काढा. खालच्या ओळीत 'स्टॉप कोड' असतो. 'मेमरी मॅनेजमेंट' असेल तर रॅमकडे आधी बघायचं, 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असेल तर हार्ड डिस्ककडे. कोड म्हणजे निदान नव्हे, ताप आल्यासारखी खूण आहे. पण दुकानदाराला फोटो दाखवला की तो अंदाजपंचे पार्ट बदलायला बिचकतो.

मग आठवा, शेवटी काय नवीन जोडलं? प्रिंटर, पेनड्राइव्ह, मुलांनी टाकलेला गेम? ते काढून बघा. मशीन धड सुरूच होत नसेल, तर सेफ मोड असतो. खिडकी उघडते तिथे शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडायचं, मग 'ट्रबलशूट', 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' असं पुढे जायचं आणि पुन्हा सुरू झाल्यावर ४ दाबायचा. तिथे मोजकेच प्रोग्राम चालतात. सेफ मोडमध्ये नीट चालतंय, म्हणजे बहुतेक दोष नंतर टाकलेल्या कशात तरी आहे. ते तिथूनच काढून टाका. काही नव्या लॅपटॉपवर या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागतात. ती आजच शोधून गटाच्या वहीत लिहून ठेवलेली बरी.

निळा पडदा न येता मशीन झटकन बंद पडत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे बहुधा उष्णता नाही तर वीज. आवरण कॉम्प्युटर चालू असताना काढूनच ठेवायचं. किती घरांत ते तसंच राहतं! चुलीचा धूर, पिठाची धूळ, रस्त्याची माती सगळं त्या पंख्यात जाऊन बसतं. प्लग काढा, चालू करायचं बटण काही सेकंद दाबा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल, मग झाकण उघडा. पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने धूळ काढा. ओला फडका नको. रॅमची पट्टी काढता येत असेल, तर आधी कॅबिनेटच्या लोखंडी भागाला हात लावा, मग पट्टीच्या सोनेरी दातांवरून खोडरबर हलकेच फिरवा, चुरा झटका आणि 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवा. साधं वाटतं, पण पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. तरीही शंका असेल तर स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून चालवा. तो रॅम तपासून सांगतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नीट नाही. तो कॉम्प्युटरवाल्याचा नाही, वायरमनचा विषय, आणि तातडीचा. लहान यूपीएस असेल तर वीज गेल्यावर फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता वेळ मिळतो. विजा चमकायला लागल्या की प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढा.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी हिशेबाची फाइल पेनड्राइव्हवर घ्या. दुकानात 'फॉरमॅट मारावं लागेल' म्हणाले, तर "आधी आमच्या फाइली काढून द्या," असं स्पष्ट सांगा. विंडोज सुरू होत नसलं, तरी डिस्क शाबूत असेल तर ती दुसऱ्या मशीनला जोडून फाइली काढता येतात. आम्हाला विचाराल तर महिन्याच्या बैठकीनंतर लगेच एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची आणि तो पेनड्राइव्ह अध्यक्षताईंकडे ठेवायचा, कॉम्प्युटरच्या खणात नव्हे.

आणि एक. इंटरनेट बघताना अचानक पूर्ण पडदाभर लाल-निळं पान येतं, भोंगा वाजतो, 'या नंबरवर फोन करा' असं लिहिलेलं असतं. हा बिघाड नाही, फसवणूक आहे. विंडोजच्या खऱ्या बिघाडाच्या पडद्यावर फोन नंबर कधीच नसतो. फोन करायचा नाही, सांगतील ते अॅप घ्यायचं नाही, ओटीपी द्यायचा नाही. मशीन सरळ बंद करा. कोणी पैसे दिलेच असतील तर रात्र झाली तरी थांबू नका, १९३० वर फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.