घड्याळ आणि पाणी

कळवण तालुक्यांत पाण्याशीं नित्याचा संबंध येतो. सह्याद्रींत उगम पावलेली गिरणा या तालुक्यांतून वाहते. तिच्यावर चणकापूरचें इंग्रजी अमदानींतलें धरण आहे. पुनंद नदीवरहि धरण आहे. शेतोशेतीं विहिरी आहेत, आणि पावसाळ्यांत सप्तशृंगीच्या गडावर धुकें व पाऊस यांचेंच राज्य असतें. अशा या मुलखांतहि आतां मनगटावर स्मार्टवॉच आलें आहे. वेळ सांगणें हें त्याचें अगदीं किरकोळ काम. तें नाडीचे ठोके मोजतें, पावलें मोजतें, निरोप पोंचवितें. त्याच्या पाठीवर ‘५० मीटर’ असा आंकडा दिसला, कीं धनी निर्धास्त होतो. हा निर्धास्तपणा कितपत रास्त आहे, हें पाहणें अगत्याचें आहे.

घड्याळाचें आणि पाण्याचें वैर जुनें आहे. १९२६ सालीं रोलेक्स कंपनीनें पाणी आंत शिरूं न देणारें ‘ऑयस्टर’ नांवाचें घड्याळ काढलें. पुढच्याच वर्षीं, ऑक्टोबर १९२७ मध्यें, मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्रज जलतरणपटु इंग्लिश खाडींत उतरली, तेव्हां तें तिच्या गळ्यांत होतें. त्याच महिन्यांत तिनें ही खाडी एकदां पार केली होती. या खेपेला मात्र दहा तासांहून अधिक वेळ पोहल्यावर थंडीनें ती इतकी गारठली, कीं पैलतीर गांठण्यापूर्वींच तिला बाहेर काढावें लागलें. घड्याळ चालूच होतें. कंपनीनें त्याची मोठी जाहिरात केली. पण खरी शिकवण जाहिरातीबाहेर राहिली. पाण्यांत घड्याळ टिकलें, म्हणून माणूस टिकतोच असें नाहीं.

‘५० मीटर’ म्हणजे तितक्या खोल बुडी मारण्याचा परवाना नव्हे. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारें एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे हा आंकडा ५ वातावरणांचा दाब दाखवितो. तो दाब कारखान्यांत, नव्या घड्याळावर, थोडा वेळ देऊन पाहिलेला असतो. अशा घड्याळानिशीं उथळ पाण्यांत पोहण्यास हरकत नसते. परंतु विहिरीच्या कांठावरून सूर मारतांना किंवा पाण्याच्या वेगवान धारेखालीं तें हातांत असूं नये. ज्यावर केवळ ‘आयपी ६८’ एवढेंच लिहिलेलें असेल, तें पोहण्यासाठीं आहे कीं नाहीं, हें माहितीपत्रकांत पाहून घ्यावें.

शिवाय हें संरक्षण कायमचें नसतें. कवचाच्या सांध्यांत बारीक लवचिक कड्या असतात. पाणी थोपवितात त्या याच. घड्याळ दगडावर आपटलें, साबण, अत्तर, तेल लागलें किंवा कढत पाण्याची वाफ वारंवार लागली, कीं त्या झिजतात, सैल पडतात. आणि बाहेरून कांहींच दिसत नाहीं. म्हणून अभ्यंगस्नानाला बसतांना घड्याळ खुंटीला टांगावें, हेंच बरें.

पाण्यांत उतरण्यापूर्वीं ‘वॉटर लॉक’ची सोय असल्यास ती चालू करावी, म्हणजे पाण्याच्या स्पर्शानें पडद्यावरच्या कळा आपोआप दाबल्या जात नाहींत. चामड्याचा पट्टा असेल तर तो आधीं बदलावा. समुद्रांत किंवा क्लोरीनच्या तलावांत पोहल्यावर घड्याळ गोड्या पाण्यानें धुवावें, पट्ट्याखालचें मनगटहि कोरडें करावें, आणि पूर्ण सुकल्याखेरीज तें विजेला जोडूं नये. कांचेच्या आंत दंव दिसलें तर तें बंद करून जाणत्या कारागिराकडे न्यावें. चुलीजवळ ठेवून सुकविण्याचा खटाटोप करूं नये, कारण उष्णतेनें आंतली बॅटरी बिघडते.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. संकटांत हांक मारण्याची सोय कांहीं घड्याळांत असते; परंतु तिचा भरंवसा पाण्याखालीं धरतां येत नाहीं. पाण्यांतून रेडिओलहरी फार दूर जात नाहींत. नाडीचे ठोके प्रकाशाच्या साहाय्यानें मोजले जातात. त्या मोजणींतहि पाण्यानें चूक होते. तेव्हां हृदयविकार असलेल्या माणसानें तो आंकडा पाहून पोहण्याचें धाडस करूं नये. धरणाच्या फुगवट्यांत किंवा गिरणेच्या पुरांत बुडणाऱ्याला तारणारी वस्तु म्हणजे कांठावरचा सावध सोबती, अंगावरचें तरंगतें जाकीट आणि हाताशीं असलेला दोर.

घड्याळाच्या पाठीवरचा आंकडा घड्याळापुरताच वाचावा. पोराच्या मनगटावर तें बांधून दिल्यानें आईबापांची राखण संपत नाहीं.