ओरडणारी चूक आणि गप्प बसणारी चूक

आज मी लाटेकमधल्या चुकांबद्दल बोलणार आहे. तक्ते, समीकरणं आणि संदर्भ, या तीन ठिकाणी आपण सगळे अडतो. पण आधी माझी एक फजिती सांगते, म्हणजे मी हा विषय का घेतला ते कळेल.

मी हैदराबादला पीएचडी करत होते. विषय होता विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड. नलगोंडा भागातल्या गावांतून पाण्याचे नमुने आणायचे आणि तुरटी-चुना वापरून फ्लोराइड किती उतरतं ते मोजायचं. ही पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनं विकसित केलेली. तिला नलगोंडा पद्धत असंच म्हणतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात.

प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात माझं वाक्य होतं, ‘प्रक्रियेनंतर सर्व नमुने मर्यादेच्या आत आले, पाहा तक्ता ४.२.’ तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्ता ४.२ उघडला आणि शांतपणे विचारलं, “इथे तर एकही आकडा ३ च्या खाली नाही. मर्यादेच्या आत काय आलं?”

मी बघतच राहिले. तो तक्ता प्रक्रियेआधीच्या पाण्याचा होता. मला म्हणायचा होता तक्ता ४.५. मग ४.२ आला कुठून?

तो आला उपविभागाच्या क्रमांकातून. लाटेकमध्ये तक्त्याला क्रमांक मिळतो तो कॅप्शनच्या आज्ञेमुळे. लेबलची आज्ञा फक्त एवढंच करते, की त्या क्षणी जो क्रमांक चालू असेल तो नावासकट टिपून ठेवते. मी लेबल आधी लिहिलं होतं आणि कॅप्शन नंतर. लेबल लिहिताना तक्त्याचा क्रमांक जन्मलाच नव्हता. चालू होता उपविभाग ४.२. तोच टिपला गेला. दुर्दैवानं ४.२ क्रमांकाचा तक्ताही त्याच प्रकरणात होता, त्यामुळे वाचताना कुणालाच खटकलं नाही. ना मला, ना माझ्या मार्गदर्शकांना. लाटेकनंही एक अक्षर तक्रार केली नाही.

तेव्हापासून मी चुकांचे दोन गट करते. काही चुका ओरडतात, काही गप्प बसतात. आपण घाबरतो ओरडणाऱ्यांना. घात करतात गप्प बसणाऱ्या.

ओरडणाऱ्या चुका आधी उरकू. तक्त्यात ‘एक्स्ट्रा अलाइनमेंट टॅब’ असा संदेश आला, तर एखाद्या ओळीत रकाने जास्त झालेत. बहुतेक वेळा कारण त्या ओळीत नसतंच. आधीच्या ओळीच्या शेवटचे दोन बॅकस्लॅश राहून गेलेले असतात आणि दोन ओळी एकमेकींना चिकटतात. म्हणून संदेशात दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळही बघा. आडवी रेघ काढण्याच्या आज्ञेआधी हेच दोन बॅकस्लॅश राहिले, तर ‘मिसप्लेस्ड नोअलाइन’ येतं. संदेश वेगळा, दुखणं तेच.

समीकरणात ‘मिसिंग डॉलर इन्सर्टेड’ आलं, की आपण डॉलर मोजत बसतो. आधी समीकरणाच्या आत रिकामी ओळ सुटली आहे का ते बघा. रिकामी ओळ म्हणजे नवा परिच्छेद, आणि समीकरणाच्या पोटात परिच्छेद चालत नाही. ती ओळ काढा, किंवा मोकळी जागा हवीच असेल तर तिथे नुसतं टक्क्याचं चिन्ह ठेवा.

आणि चाळीस एरर दिसले तरी पहिलाच दुरुस्त करा आणि पुन्हा कम्पाइल करा. उरलेल्यांतले बरेचसे त्याची पिलावळ असतात.

आता गप्प बसणाऱ्या. पहिली माझी: कॅप्शन आधी, लेबल नंतर, हा क्रम कधीही मोडू नका.

दुसरी, जुळी लेबलं. आपण जुना तक्ता किंवा समीकरण कॉपी करून नवं करतो आणि लेबल बदलायला विसरतो. मग दोन्ही संदर्भ नंतरच्याकडे बोट दाखवतात. पीडीएफ छान तयार होते. लॉग फाइलमध्ये ‘मल्टिप्लाय डिफाइन्ड’ अशी एक वॉर्निंग असते, पण ती वाचतो कोण?

तिसरी, टक्क्याचं चिन्ह. लाटेकसाठी ते टिपणाची सुरुवात आहे. त्यापुढची ओळ छापलीच जात नाही. ‘६०% नमुने मर्यादेत आले, उरलेले आले नाहीत’ असं लिहिलं, की छापलं जातं फक्त ६०. एडिटरमध्ये अख्खा परिच्छेद एकाच ओळीत असेल, तर पुढचा सगळा परिच्छेद गायब. टक्का छापायचा असेल तर त्याच्या आधी बॅकस्लॅश हवाच.

चौथी, तक्त्यातला रिकामा रकाना. रकाने जास्त झाले तर लाटेक ओरडतं, कमी पडले तर ओरडत नाही. मधल्या रिकाम्या रकान्याचं अँड चिन्ह राहिलं, तर पुढचे आकडे एक घर डावीकडे सरकतात. पीएचचा आकडा फ्लोराइडखाली जाऊन बसतो आणि तक्ता दिसतो अगदी देखणा.

आणि ती दोन प्रश्नचिन्हं? ती बिचारी प्रामाणिक असतात. लाटेक पहिल्या फेरीत क्रमांक ऑक्स फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि दुसऱ्या फेरीत वाचतं, म्हणून दोनदा कम्पाइल करा. ग्रंथसूची असेल तर क्रम असा: लाटेक, बिबटेक, लाटेक, लाटेक. तरीही प्रश्नचिन्हं राहिली, तर लेबलच्या किंवा नोंदीच्या नावाचं स्पेलिंग तपासा.

डोनाल्ड नुथ यांनी टेक लिहायला घेतलं ते १९७७ मध्ये स्वतःच्याच पुस्तकाची प्रुफं बघून, ती इतकी नापसंत पडली म्हणून. त्यावर लेस्ली लॅमपोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक उभारलं आणि क्रमांक मोजण्याचं काम आपल्या डोक्यावरून उतरवलं. पण लाटेकला क्रमांक कळतो, अर्थ कळत नाही. तक्ता ४.२ मध्ये काय आहे, हे त्याला कधीच कळणार नाही.

माझ्या परीक्षेचं पुढे काय झालं? परीक्षकांनी प्रयोगशाळेची वही मागितली. तारखा, नमुने, आकडे, सगळं ताडून बघितलं. आकडे बरोबर होते, म्हणून दुरुस्तीवर सुटले. पण तो अर्धा तास त्या खोलीत मी आकडे बनवणारी मुलगी होते. आणि माझा निष्कर्ष होता लोकांच्या पिण्याच्या पाण्याबद्दल.

म्हणून प्रबंध देण्याआधी एवढं करा. लॉग फाइलमध्ये ‘वॉर्निंग’ शब्द शोधा. पीडीएफमध्ये प्रश्नचिन्हांची जोडी शोधा. मग प्रत छापा, पेन्सिल घ्या, आणि जिथे जिथे ‘पाहा तक्ता’ किंवा ‘पाहा समीकरण’ आहे, तिथे खरंच जाऊन पाहा. बरोबर असेल तर खूण करा. दोनशे पानांना एक संध्याकाळ पुरते.

ती संध्याकाळ मी वाचवली होती. तुम्ही वाचवू नका.