पार्सल अडकलं, आता पैसे परत द्यायचे का?

मी बोलतेय लखनौहून. खरं सांगायचं तर लखनौच्या पूर्व टोकाला, अयोध्येच्या रस्त्यावर असलेल्या चिनहटमधून. माहेर सांगलीचं, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले आणि इथलीच झाले. इथली मातीची भांडी, म्हणजे चकाकी दिलेले मग, बरण्या, दिवाळीच्या पणत्या, आणि लखनौची चिकनकारी हे मी ऑनलाइन विकते. गिऱ्हाईक बहुतेक आपलंच आहे. न्यू जर्सी, टेक्सास, लंडनकडची मराठी घरं. पुण्यातल्या एखाद्या मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की अमेरिकेतून ऑर्डर येते, असा हा धंदा.

आज विक्री कशी वाढवायची ते सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. पार्सल वेळेवर पोचलं नाही तर काय करायचं, एवढंच बोलणार आहे. कारण २०२५ च्या ऑगस्टमध्ये माझी सात पार्सलं एकदम अडकली आणि त्यात मी एक मोठी चूक केली.

आधी काय घडलं होतं ते सांगते. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालावर आयात शुल्क लागत नसे. आपल्यासारख्या लहान विक्रेत्यांचा सगळा धंदा त्या सवलतीवर उभा होता. ३० जुलै २०२५ ला तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढला की २९ ऑगस्टपासून ही सवलत बंद. पण टपालाने येणाऱ्या मालावरचं शुल्क नेमकं कोणी आणि कसं वसूल करायचं, हे ठरलेलं नव्हतं. विमान कंपन्या टपाल घ्यायला तयार होईनात. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक सेवा थांबवली आणि पुढे उरलेलीही थांबवली. ती १५ ऑक्टोबरला परत सुरू झाली. त्यात घोषित किमतीच्या सरसकट ५० टक्के शुल्क पाठवतानाच भरायचं होतं. हे दर बदलत राहतात, त्यामुळे पाठवायच्या दिवशी चालू दर बघा, माझ्या आकड्यावर जाऊ नका. वसुबारस होती १७ ऑक्टोबरला. म्हणजे सेवा सुरू झाल्यावर दिवाळीला उरले दोन दिवस.

टपाल बंद म्हटल्यावर खाजगी सेवांवर गर्दी झाली, कागदपत्रं वाढली, सगळंच तुंबलं. माझी सात पार्सलं १९ ऑगस्टला एका सेवेकडे दिलेली होती. पणत्यांचे संच, दोन बरण्या, तीन कुर्ते. ट्रॅकिंग दिल्लीला येऊन थांबलं. रोज सकाळी चहाच्या आधी मी तो नंबर टाकून बघायची. तीच ओळ, तीच तारीख.

आणि मी नऊ दिवस कोणालाच काही कळवलं नाही.

का नाही कळवलं? वाटलं, आज हलेल, उद्या हलेल, उगाच कशाला घाबरवायचं. शिवाय मनात भीती होती की सांगितलं तर सगळे पैसे मागतील. ३० जुलैची बातमी मी वाचली होती, बरं का. पण "हे मोठ्या कंपन्यांसाठी असेल" असं म्हणून सोडून दिली, आणि दुकानाच्या पानावर "७ ते १५ दिवसांत घरपोच" हे वाक्य तसंच राहू दिलं. उशीर माझ्या हातात नव्हता, पण ते वाक्य तर माझ्याच हातात होतं ना?

नवव्या दिवशी न्यू जर्सीच्या एका काकूंचा निरोप आला. "अगं, नाही आलं तरी चालेल, पण सांगशील तरी!" त्याच रात्री टेक्सासच्या एका गिऱ्हाइकाने बँकेत तक्रार नोंदवली. माझ्या खात्यातली ती रक्कम गोठली आणि वर दंडवजा फी लागली. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याच्या बाजूने बघा, पैसे गेले, वस्तू नाही, आणि विकणारी बाई गप्प.

मग मी बसून एक निरोप लिहिला आणि उरलेल्या सहाही जणांना पाठवला. तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून वाचून दाखवते. "तुमचं पार्सल २१ ऑगस्टपासून दिल्लीत अडकलं आहे. अमेरिकेचे शुल्काचे नियम बदलल्यामुळे हे झालं आहे. कधी निघेल हे मला माहीत नाही, म्हणून तारीख देत नाही. तुम्ही थांबू शकता, किंवा आजच पूर्ण पैसे परत घेऊ शकता, पाठवणीच्या खर्चासकट. किंवा भारतातला पत्ता द्या, नवा संच तिथे पाठवते. पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा कळवीन, बातमी असो वा नसो."

तो तिसरा पर्याय मला आयत्या वेळी सुचला आणि तोच सगळ्यात चालला. आपल्या लोकांचं कोणी ना कोणी ठाण्यात, पुण्यात, नाशिकला असतंच, आणि कोणी ना कोणी तिकडे जाणारं असतं. तिघींनी सासर-माहेरचे पत्ते दिले. दोघांनी पैसे परत घेतले. काकू थांबल्या.

आता पैसे परत देण्याबद्दल. पणत्यांचा संच विकताना आपण माती विकतो असं वाटतं. गिऱ्हाईक मात्र लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ विकत घेत असतं. तो दिवस टळून गेला की पार्सल सुखरूप पोचूनही उपयोग नाही. म्हणून सणाची वस्तू सणाआधी पोचणार नाही असं दिसलं की मी पैसे परत देते, पार्सल परत यायची वाट बघत नाही. कुर्त्याचं तसं नाही. कुर्ता नोव्हेंबरमध्येही घालता येतो, तिथे आधी विचारते.

पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत करा. कोणी म्हणालं, "माझ्या भावाच्या इथल्या खात्यात टाका", तर नम्रपणे नाही म्हणा. बाहेरून दिलेला पैसा व्यवहारात दिसत नाही, आणि उद्या बँकेत तक्रार झाली तर तेच पैसे दुसऱ्यांदा जातात. तसंच, तक्रार एकदा उघडली की वेगळा रिफंड करू नका. जे द्यायचं ते त्या तक्रारीतच मान्य करा. महिना उलटला म्हणजे आपण सुटलो, असंही समजू नका. पेपालवर पैसे भरल्यापासून १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते, आणि कार्डांवर वस्तू न मिळाल्याची तक्रार साधारण १२० दिवसांपर्यंत चालते.

कायदाही बहुतेक गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. ब्रिटन आणि युरोपीय संघात वेगळं ठरलं नसेल तर ३० दिवसांत वस्तू पोचवायची असते, आणि ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू हातात आल्यावर १४ दिवसांत कारण न देता व्यवहार रद्द करता येतो. अमेरिकेतला नियम माल रवाना करण्याबद्दल आहे. जी मुदत सांगितली त्यात, आणि काहीच सांगितलं नसेल तर ३० दिवसांत माल निघायला हवा. जमणार नसेल तर गिऱ्हाइकाची संमती घ्यायची किंवा पैसे परत द्यायचे. आपण चिनहटमध्ये बसलोय, कोण विचारतो, असं म्हणू नका. आपण ज्या साइटवर विकतो ती साइट विचारते.

कागदांचं थोडक्यात. गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं, "ताई, गिफ्ट लिहा, किंमत कमी दाखवा." अजिबात नाही. पार्सल हरवलं तर भरपाई दाखवलेल्या किमतीवर मागता येते, खऱ्या नाही. आणि आपलाच माल परत आला, तर तो आपणच निर्यात केला होता हे दाखवणारा कागद असेल तरच आयात शुल्कातून सूट मागता येते. टपालाने पाठवत असाल तर निर्यातीचं टपाल बिल भरा. डाकघर निर्यात केंद्रात ते करून देतात. पावती, ट्रॅकिंगचे फोटो, निरोप सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. हरवलेल्या पार्सलची चौकशी पाठवणाऱ्याने करायची असते आणि तिला मुदत असते. ती हातची गेली की काही मिळत नाही.

आता जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. हा तोटा कोणाच्या अंगावर पडतो?

चिकनच्या कुर्त्यावर आधी ठशाने नीळ छापतात, मग तो भरतकामाला गावातल्या बायकांकडे जातो, मग धुलाई. एक कुर्ता महिनोन्‌महिने फिरतो. मुर्री, फंदा, जाळी भरणाऱ्या बाईला नगावर पैसे मिळतात, तेही थोडे. इकडे चिनहटला सरकारी पॉटरी केंद्र होतं, ते बंद पडून बरीच वर्षं झाली. आता भट्ट्या मोजक्याच. पावसाळ्यात माती वाळत नाही, दहा दिवसांचं काम वीस दिवसांवर जातं. पार्सलं अडकली तेव्हा मी कुंभारदादांकडे गेले. खरं सांगते, पुढच्या मालाचे पैसे थोडे थांबवावेत असं मनात घेऊन गेले होते. त्यांनी विचारलं, "दीदी, माल टूट गया क्या?" मी म्हटलं, नाही, अडकलाय. "तो फिर हमसे क्या गलती हुई?" मला उत्तर देता येईना. पैसे देऊन आले.

तेव्हापासून प्रत्येक परदेशी ऑर्डरमधले आठ टक्के मी वेगळ्या खात्यात टाकते. रिफंड त्यातूनच जातो. त्यासाठी किंमत थोडी वाढवावी लागली. एक-दोघं कुरकुरले, बाकीच्यांनी दिली. आठच का? माझ्या वहीत मागच्या तीन वर्षांचा तोटा साधारण तेवढा निघाला. तुमचा आकडा तुमच्या वहीतून काढा.

दुकानाच्या पानावरून "७ ते १५ दिवस" काढलं. आता तिथे दोन ओळी आहेत. चिनहटहून माल कधी निघेल, ते माझं वचन. पुढे साधारण किती दिवस लागतात, तो अंदाज, कस्टम्सचा वेळ वेगळा. आयात शुल्क कोण भरणार हेही तिथेच लिहिलंय, नाहीतर दारात आलेलं पार्सल लोक परत पाठवतात. दिवाळीच्या परदेशी ऑर्डर ऑगस्टच्या अखेरीला बंद करते. सप्टेंबरमध्ये कोणी फारच गळ घातली तर स्पष्ट सांगते, वेळेत पोचेलच असं नाही, भारतातला पत्ता असेल तर द्या.

काकूंचं पार्सल नोव्हेंबरात पोचलं, तुळशीच्या लग्नानंतर. एक पणती फुटली होती, तिचे पैसे मी परत केले. ज्या दोघांनी पैसे परत घेतले होते, त्यांतल्या एकाचंही पार्सल डिसेंबरात अचानक दारात गेलं. त्याने कळवलं. मी म्हटलं, राहू द्या, वाटलं तर पैसे पाठवा. कारण तिकडून परत मागवायचा खर्च संचाच्या किमतीपेक्षा जास्त. त्याने अर्धे पाठवले. टेक्सासचे पैसे काही परत आले नाहीत. ती तक्रार मी लढवलीही नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊया. मगाशी कोणीतरी दुबईच्या पाठवणीबद्दल विचारत होतं ना?