सल्ला हीसुद्धा सत्ता आहे
(विद्यार्थी-युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी मेजर, मायनर आणि क्रेडिट यांवर बोलणार आहे. जांभया देऊ नका. माणसाला गावकुसाबाहेर ठेवायला आता भिंत लागत नाही, एक फॉर्म पुरतो.

जुन्या बी.ए.त निवडायला फारसं नव्हतंच. विषय घ्या, तीन वर्षं काढा, पास व्हा नाहीतर नापास व्हा. ती पद्धत काही आपली मावशी नव्हती. पण रस्ता एकच होता, तेव्हा चुकायची भीती कमी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आलं. डिसेंबर २०२२ मध्ये यूजीसीनं नवा आराखडा काढला. महाराष्ट्रात तो स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ ला आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ ला सुरू झाला. आता रस्त्याला फाटेच फाटे. मेजर कोणतं, मायनर कोणतं, दुसऱ्या सत्रानंतर मेजर बदलायचं का, चौथं वर्ष करायचं का. प्रत्येक सत्राला प्रश्न. आणि जिथं प्रश्न आहे तिथं सल्ला देणारा लागतो.

सल्ला कोण देतं? ज्याचा बाप प्रोफेसर, त्याला घरातच, ताटावर बसल्या बसल्या मिळतो. आपल्या पोराचा बाप नाक्यावर हमाली करतो. त्यानं क्रेडिट हा शब्द वाण्याच्या दुकानातच ऐकलेला. म्हणजे आपल्या पोराला कॉलेजच्या सल्लागाराशिवाय दुसरा आधार नाही. तो सल्लागार एकच मास्तर, वर्गात शंभर पोरं. त्याच्या डोक्यात जात असेल तर ती सल्ल्यात उतरणारच.

मी कॉलेजात शिकवतो. स्टाफरूममध्ये हे वाक्य मी या कानांनी ऐकलंय, "यांना कशाला ऑनर्स? एक वर्षाचं सर्टिफिकेट घेऊन कामाला लागले तर घरालाच मदत." बोलणारा वाईट माणूस नव्हता. दयाळू होता. दोस्तांनो, दयेनं मारलेल्याचा पंचनामा होत नाही.

आराखडा काय म्हणतो ते नीट ऐका. ४० क्रेडिट झाले की सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा व्यवसाय-अभ्यासक्रम करावा लागतो. ८० ला डिप्लोमा, १२० ला तीन वर्षांची पदवी, १६० ला ऑनर्स. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पुरं करावं लागतं. कागदावर दार दोन्हीकडं उघडतं. पण घरात हप्ता आणि आजारपण असलेला पोरगा कामाला लागल्यावर परत येतो का? बाहेर पडायला सही पुरते. परत यायला पैसा लागतो, वेळ लागतो, हिंमत लागते. पूर्वी ज्याला गळती म्हणायचे त्याचंच बारसं करून आता 'एक्झिट' म्हणतात.

आणि वरच्या टोकाला काय? चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. म्हणजे संशोधनाचं दार तिसऱ्या वर्षी नाही, पहिल्याच सत्रापासून बंद होत येतं. हे पोराला पहिल्या दिवशी सांगितलं नाही तर सहाव्या सत्रात सांगून उपयोग काय? चार वर्षांच्या पदवीवर थेट पीएच.डी.ला जायलाही ७५ टक्केच लागतात. तिथं २०२२ च्या नियमांत अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सवलत लिहिलेली आहे. ही ओळ किती मास्तर वाचून दाखवतात?

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. केळुसकर गुरुजींनी त्यांच्या हातात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र ठेवलं, पुढं सयाजीरावांकडं शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला. १९१३ ला बाबासाहेब कोलंबियात पोचले, तिथं सेलिग्मन भेटले. बुद्धी बाबासाहेबांची, कष्ट बाबासाहेबांचे. पण दार कुठं आहे हे सांगणारा माणूस लागतोच. म्हणून तर त्यांनी १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज उभं केलं. एकट्यानं दारातून आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं नाही.

तर मागायचं काय? सल्ला तोंडी नको, लेखी हवा, तारीख आणि सहीसकट. "बाहेर पड" असं सांगितलं तर कारण लिहून द्या. मध्येच बाहेर पडून परत आलं तर शिष्यवृत्तीचं काय होणार, तेही लेखी द्या. सल्लागार समितीत आपली माणसं हवीत, मुली हव्यात.

आणि कॉलेज देईपर्यंत थांबायचं नाही. वस्तीतल्या विहारात रविवारी एक टेबल टाका. तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी पहिल्या वर्षाच्या पोरींना फॉर्म समजावून द्यायचा. मोर्चाला जेवढी माणसं जमवता तेवढी या टेबलाला जमवा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा म्हणताना 'शिका' पहिलं येतं. काय शिकायचं हे दुसऱ्यानं ठरवलं, तर पुढचे दोन शब्द पोकळ होतात.

जय भीम!