शॉक बसला, म्हणजे नेमकं काय झालं?



आज मी तुमच्याशी एका शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द इंग्रजी आहे, पण आपल्या तोंडात इतका बसलाय की तो बाहेरचा आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. शब्द आहे ‘शॉक’. लाइटबिल जास्त आलं, शॉक बसला. सोन्याचा भाव ऐकला, शॉक बसला. शेजारच्या पोरीनं पळून जाऊन लग्न केलं, शॉक बसला. माझ्या सासूबाई एक दिवस शाळेत गेल्या नाहीत, पण त्यासुद्धा म्हणतात, “अगं बया, मला तर शॉकच बसला!”

आपल्या आज्यांकडे यासाठी शब्द नव्हते असं नाही. त्यांना गंमतीच्या गोष्टीचं नवल वाटायचं. वाईट निरोप आला की काळजात धस्स व्हायचं. घरच्यांनीच दगा दिला तर पायाखालची जमीन सरकायची. आणि आपलंच काही चुकलं हे कळलं, की डोळे उघडायचे. आता या सगळ्याला मिळून आपण एकच शब्द वापरतो. मी शब्दाला नावं ठेवायला आलेली नाही. माझ्याही तोंडात तोच येतो. पण तो वापरून मी माझी मलाच कशी फसवत होते, ते सांगते.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, गेले त्याला सात वर्षं झाली. आई त्यांच्या आधीच गेली होती. आम्ही तिघं, दोन भाऊ आणि मी. मागच्या उन्हाळ्यात माझी लेक मोबाइलवर महाभूलेखच्या साइटवर आमचा सातबारा बघत होती. मी सहज म्हटलं, “माझ्या माहेरचा दिसतो का बघ.” तिनं शोधला. दोन्ही भावांची नावं होती. माझं नव्हतं. लेक म्हणाली, “आई, तुझं नाव कुठाय?”

पुढचे पंधरा दिवस मी भेटेल तिला सांगत होते, “मला इतका शॉक बसला म्हणून सांगू!” बचत गटात सांगितलं, जावेला सांगितलं, नळावर सांगितलं. सगळ्या हळहळल्या. मलाही बरं वाटायचं.

त्याच दिवसांत आमच्या फ्रिजला हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या. मी चप्पल घालून फ्रिज उघडायची आणि काम चालवायची. एकदा ओल्या हातानं उघडला आणि चांगलाच झटका बसला. वायरमन आला. त्याला म्हटलं, “अचानक शॉक बसला हो.” तो म्हणाला, “वहिनी, आधी मुंग्या येत होत्या का?” म्हटलं, “हो, महिनाभर येत होत्या.” तर म्हणाला, “मग अचानक कसा? तेव्हाच बोलवायचं ना.” घराचं अर्थिंग तुटलेलं होतं आणि फ्रिजच्या आत एक वायर उघडी पडली होती.

तो गेला आणि मी खाली बसले. मला ते रजिस्ट्री ऑफिस आठवलं.

दादांच्या वर्षश्राद्धानंतर धाकटा भाऊ न्यायला आला होता. म्हणाला, “ताई, वारसाच्या कामाला नुसती एक सही लागते.” मी गेले. तिथं माझा फोटो काढला, अंगठ्याचा ठसा घेतला, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. एका सहीला इतकं सगळं कशाला, असं मनात आलं होतं. कागदावर वर ‘हक्कसोडपत्र’ लिहिलेलं होतं. मला वाचता येतं, मैत्रिणींनो. मी वाचलं नाही. माहेर तुटेल, भाऊ काय म्हणेल, ही भीती होती. संध्याकाळी वहिनीनं साडी नेसवली, पुरणपोळी केली. त्या दिवशी मला मुंग्या आल्या होत्या. मी चप्पल घालून काम चालवलं.

म्हणून सांगते. आकाशातून वीज कोसळते तिला कुणाचा इलाज नाही. पण शॉक वायरीतून बसतो. ती वायर कुणीतरी ओढलेली असते, कुठंतरी ती उघडी पडलेली असते आणि तिला एक बटण असतं. “शॉक बसला” म्हणून थांबलं, की वायर तशीच राहते. पुढच्या बाईला बसायला.

आता आपली वायर कुठं असते ते बघू. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क आपल्या महाराष्ट्रात 1994 साली आला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या. 2005 साली हिंदू वारसा कायदा बदलला आणि देशभरातल्या मुलींना, लग्न झालेलं असो वा नसो, जन्मापासूनचा हक्क मिळाला. 2005 च्या आधी वडील गेले असतील तर काय, हा वाद होता. तो सुप्रीम कोर्टानं 2020 साली मुलींच्या बाजूनं मिटवला. म्हणजे कायद्यानं दिलं. आणि आपण साडी नेसून सोडलं. एखादीनं विचार करून, राजीखुशीनं सोडलं तर तो तिचा प्रश्न. पण काय सोडतोय हे तरी माहीत पाहिजे.

मग करायचं काय? सातबारा महाभूलेखवर कुणालाही फुकट बघता येतो. सही असलेला उतारा 15 रुपयांत मिळतो. सासरचा बघा, माहेरचा बघा. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी वरचं नाव वाचा. वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्या, आणि “घरी नेऊन वाचते” असं म्हणायला लाजू नका. फेरफाराची नोटीस आली तर हरकत घ्यायला 15 दिवस असतात. ती नोटीस देव्हाऱ्यामागे ठेवू नका. फसवून सही घेतली असेल, तर ते कळल्यापासून तीन वर्षांच्या आत कोर्टात जावं लागतं. नुसतं सांगत फिरण्यात ही वर्षं निघून जातात. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. फोन नंबर 15100.

मी काय केलं, असं तुम्ही विचाराल. मी भावाकडे गेले. तो म्हणाला, “ताई, तूच सही केलीस की.” खरं होतं. मी म्हटलं, “केली. पण तूही मला सांगितलं नाहीस ते कशावर करतेय.” तो बराच वेळ खाली बघत राहिला. आमचं बोलणं अजून संपलेलं नाही. माहेरही तुटलेलं नाही.

निघताना वहिनी दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, “ताई, मोबाइलवर माझ्या माहेरचा पण बघून द्याल का?”

आम्ही दोघी तिथंच ओट्यावर बसलो आणि बघितला. तिचं नाव होतं. तिच्या भावानं अजून सहीला बोलावलेलं नव्हतं.

पुढच्या वेळी “शॉक बसला” असं तोंडात आलं, तर एवढं विचारा: मुंग्या कधी आल्या होत्या?