बोलतोय, म्हणजे बरा आहे?



विषबाधा झालेल्याला घेऊन येणारे नातेवाईक दवाखान्याच्या दारातच सांगतात, "डॉक्टर, तसं काही नाही, चांगला बोलतोय की!" आम्ही आधी त्या माणसाचा हात हातात घेतो. तळवा गार आणि ओला, नाडी भरभर पळणारी, नख दाबून सोडलं तर दोन सेकंदांत लाली परतत नाही. असं असेल तर तो शॉकमध्ये चालला आहे, मग गप्पा कितीही मारू दे.

शॉक म्हणजे मेंदूला, मूत्रपिंडांना पुरेसं रक्तच न पोचणं. विहिरीवरची मोटर, पाइप आणि पाणी यांतलं काहीही बिघडलं की पीक सुकतं, तसंच हे. कीटकनाशकाच्या विषबाधेत कधीकधी तिन्ही बिघडतात. उलट्या, जुलाब, घाम यांतून पाणी जातं, रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदयाचे ठोके मंदावतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. ते काही विष प्यायले नव्हते, विष कातडीतून आणि श्वासातून अंगात गेलं. फवारणीनंतर मळमळलं, दरदरून घाम आला, अंधुक दिसू लागलं, तर भिजलेले कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा आणि लगेच निघा.

तरुण शरीर फार फसवतं. रक्तवाहिन्या आवळून ते रक्तदाब बराच वेळ सावरून धरतं. यंत्रावर आकडा ठीक दिसतो आणि मग एकाएकी कोसळतो.

रक्तदाबाच्या गोळ्यांची तऱ्हा याच्या उलट. आजोबांची अ‍ॅम्लोडिपिनची पट्टी नातवाच्या हाती लागते. गोळीनं वाहिन्या रुंदावतात, त्यामुळे रक्तदाब उतरत असतानाही हातपाय उबदार लागतात आणि पोर शुद्धीवर असतं. औषधाचा जोर वाढायला सहा ते बारा तास लागतात. म्हणून डॉक्टर रात्रभर थांबा म्हणाले, तर कृपा करून वाद घालू नका. अशा रुग्णाला सलाइन, कॅल्शियम आणि रक्तदाब वाढवणारी औषधं देतातच, पण प्रसंगी इन्सुलिनही देतात, तेही नेहमीच्या दहापट, ग्लुकोजसोबत आणि रक्तातली साखर सारखी मोजत. मधुमेह नसताना इन्सुलिन कशाला, असं नातेवाईक विचारतात, आणि त्यांचं चूक नाही. दमलेल्या हृदयाच्या स्नायूला साखर वापरता यावी, यासाठी ते असतं.

घरी मिठाचं पाणी पाजून ओकाऱ्या काढू नका. ओकारी फुप्फुसात जाते, आणि इतकं मीठ स्वतःच विष ठरतं. झापड येत असेल तर कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या.

आणि खरं काय ते सांगा. पोलीस केसच्या धास्तीनं घरचे "काहीतरी खाण्यात आलं" एवढंच सांगतात, आणि नेमका उतारा देण्याचा वेळ त्यात जातो. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण त्यासाठी उपचार थांबत नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 115 प्रमाणे, जीव द्यायला निघालेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला भरला जात नाही. मन जड झालं असेल, तर टेलिमानस या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक रात्री-अपरात्रीही सुरू असतो. तिथं मराठीत बोलता येतं.