तिसरी मिती आणि टळलेली शस्त्रक्रिया



अधिवेशनांतून नव्या शस्त्रक्रियांविषयी पुष्कळ बोलले जाते. मला आज न करायच्या शस्त्रक्रियेविषयी बोलायचे आहे.

पन्नाशीचे गृहस्थ कवळीसाठी येतात. ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला जातो. खालच्या जबड्याच्या कोनाजवळ, नसेच्या नळीखाली, लंबगोल काळा डाग दिसतो. कडा पांढरी, रेखीव. दुखणे नाही, सूज नाही. पण ‘जबड्यात गाठ’ हे शब्द कानावर पडले की त्या घरातल्यांच्या तोंडचे पाणी पळते.

मेयो क्लिनिकमधल्या एडवर्ड स्टाफ्ने यांनी 1942 साली अशा 35 पोकळ्यांची नोंद केली आणि पुढे त्यांचेच नाव या पोकळीला मिळाले. ही ना गाठ, ना सिस्ट. मळलेल्या कणकेत अंगठा दाबावा तसा हाडाच्या जिभेकडच्या बाजूला खळगा पडलेला असतो आणि त्यात बहुधा जबड्याखालच्या लाळग्रंथीचा भाग विसावलेला असतो. पुरुषांत जास्त, मध्यमवयानंतर. उपचार काहीच नाही.

ओपीजीत मात्र जबड्याची आतली आणि बाहेरची बाजू एकाच पातळीवर येते. खळगा हाडाच्या पोटात आहे की पृष्ठभागावर, हे त्यावरून ठरत नाही. मग अमेलोब्लास्टोमा, केराटोसिस्ट अशा गाठी-सिस्टची नावे मनात येऊ लागतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इटली आणि जपानमधून दंतवैद्यकासाठी सीबीसीटी हे त्रिमितीय स्कॅनचे तंत्र पुढे आले आणि ही अडचण बरीच सुटली. आडवा छेद उघडून पाहा: जिभेकडचे कॉर्टेक्स, म्हणजे हाडाचे बाहेरचे कवच, सलगपणे आत वळलेले, गालाकडचे शाबूत, नसेची नळी वर सुरक्षित, दातांच्या मुळांशी संबंध नाही. एवढे दिसले, की सुरी ट्रेमध्येच राहू द्यावी.

माझी खरी काळजी या पोकळीच्या पुढच्या दातांजवळच्या प्रकाराची आहे. तो दुर्मीळ आहे. सुळा आणि उपदाढांच्या मुळांखाली डाग दिसतो, थेट मुळाच्या टोकाच्या सिस्टसारखा, आणि निरोगी दाताचे रूट कॅनाल होऊन जाते. तरुण मित्रांनो, अशा दाताची आधी गारव्याने पल्प टेस्ट करा. दात जिवंत असेल, तर ड्रिल खाली ठेवा आणि मग स्कॅनचा विचार करा.

सीबीसीटीला मर्यादाही आहेत. खळग्यात नेमके काय आहे, ग्रंथी की चरबी, हे त्यातून कळत नाही. त्यातल्या करड्या छटा नेहमीच्या सीटीतल्या हाउन्सफील्ड आकड्यांइतक्या भरवशाच्या नसतात. कॉर्टेक्स तुटलेले दिसले, कडा ओबडधोबड असली, ओठ बधिर असला, तर एमआरआय हवा आणि गरज पडल्यास बायोप्सीही. शिवाय किरणांचा डोस ओपीजीपेक्षा बहुधा कितीतरी पट असतो. म्हणून प्रत्येक काळ्या डागाला स्कॅन, ही सवय मला मान्य नाही. स्कॅन मागवताना चिठ्ठीवर आपला प्रश्न लिहा, क्षेत्र लहान ठेवा आणि काढलेला सगळा भाग वाचा. फक्त इम्प्लांटची जागा मोजून स्कॅन बंद करणे हा रुग्णावर अन्याय आहे.

आपल्याकडे रुग्ण दवाखाने बदलतो. आज आपण धीर देतो. तीन वर्षांनी दुसऱ्या गावी नवा ओपीजी निघतो आणि घाबरगुंडी पुन्हा सुरू होते. तेव्हा सर्वांना विनंती आहे: निदान झाले की रुग्णाला स्वच्छ मराठीत चार ओळी लिहून द्या. डाग कुठे आहे, किती मिलिमीटर आहे, तो निरुपद्रवी आहे आणि पुढच्या डॉक्टरांनी जुना स्कॅन आधी पाहावा. त्या कागदासोबत स्कॅनची प्रतही त्याच्या हाती द्या.